नव्या फ्लॅटमध्ये गळती? पाच वर्षं जबाबदारी बिल्डरची!

नव्या घराचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली. अशा वेळी अनेक जण स्वतःच्या खर्चाने वॉटरप्रूफिंग करून घेतात. पण फ्रिज-टीव्हीसारखी नव्या घरालाही एक प्रकारची वॉरंटी असते आणि ती कायद्यानेच मिळते.

कायदा काय सांगतो?
रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सुविधांमध्ये दोष आढळला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. तसं न केल्यास घरमालक नुकसानभरपाई मागू शकतो.

काय करावं?
नुसत्या फोनवर विसंबू नये. फोटोंसह लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. घरात स्वतः तोडफोड करून बदल केले असतील, तर मात्र बिल्डर जबाबदारी नाकारू शकतो.

रीसेल फ्लॅटचं काय?
पुढे फ्लॅट विकत घेणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो. ५ वर्षं मात्र बिल्डरने दिलेल्या ताब्यापासूनच मोजायची. म्हणजे ३ वर्षांनी फ्लॅट विकला, तर नव्या मालकाला उरलेली २ वर्षं मिळतात. विकणाऱ्यालाही भाव ठरवताना हा मुद्दा मांडता येतो. म्हणूनच ताबापत्र आणि तक्रारींच्या प्रती दोघांनीही जपाव्यात.