मूठमाती

धर्म माणसाला कशासाठी लागतो, असा विषय निघाला की एक उत्तर हमखास येते : मरणाच्या भीतीपोटी. मरण नसते तर देवही नसता, असे म्हणणारे मित्र मला कॉलेजात भेटले, आजही भेटतात. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी तर १९२५ सालीच मांडले होते की, धर्माच्या उगमांमध्ये मृत्यूचे स्थान सर्वांत मोठे आहे.

हे उत्तर खोटे नाही, पण मला अपुरे वाटते. दिलासा देणे एवढेच धर्माचे काम असते, तर त्याने भीती कशाला घातली असती? लहानपणी कबरीतल्या अजाबाची वर्णने ऐकून मी चादरीत तोंड लपवून झोपत असे. शेजारी कुणी गेले आणि गरुडपुराण लागले की तिथल्या मुलांचीही तीच गत होई.

मग मरणाच्या वेळी धर्म नेमके काय करतो? ते मला २०२० साली कळले, आणि कळले ते सगळे विधी हातातून निसटल्यावर.

त्या वर्षी ३० मार्चला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले. करोनाने दगावलेला माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याचे दहनच करावे. काही तासांतच ते बदलले आणि पुरेशा मोठ्या कब्रस्तानात दफनाची मुभा मिळाली. पुढे वांद्र्यातल्या तीन कब्रस्तानांत अशी दफने नकोत म्हणून काही जण उच्च न्यायालयात गेले. २२ मे रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. मृतदेहातून हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. जगण्याच्या हक्कात मेलेल्याचाही वाटा! कवी म्हणून मला त्या विचाराचा हेवा वाटला.

त्याच महिन्यात माझे अब्बा गेले. मी स्वतः विलगीकरणात, जोगेश्वरीतल्या आमच्या खोलीत. आमच्यात मयताला आंघोळ घालतात, पुरुषाला तीन कापडांचे कफन देतात, जनाज्याची नमाज होते, खांदा बदलत कब्रस्तान गाठतात आणि प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. अब्बांना आंघोळ मिळाली नाही, कारण पिशवी उघडायची नव्हती. चार अनोळखी तरुणांनी त्यांना कबरीत उतरवले. मी फोन कानाला लावून फावड्यांचा आवाज ऐकला.

त्याच आठवड्यात समोरच्या दारातल्या वहिनींचे यजमान गेले. महिनाभराने त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, ''आत्म्याला मरण नाही हे मला ठाऊक आहे, दादा. पण दहाव्याला कावळ्यासाठी पिंड ठेवता आला नाही, ते हाताला खुपतंय.''

हा शब्द मला पुरला. आम्हा दोघांचीही श्रद्धा शाबूत होती. त्यांचा पुनर्जन्म, माझी आखिरत, दोन्ही जागच्या जागी होते. परलोकाच्या आशेवर दुःख निभावता आले असते, तर आम्हाला काहीच कमी नव्हते. कमी होते ते हातांचे काम आणि सोबतीची माणसे.

मौलवी एक गोष्ट सांगतात. जनाज्याची नमाज ही फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काहींनी ती अदा केली की सगळ्यांची जबाबदारी फिटते; कुणीच केली नाही तर अख्खी वस्ती गुन्हेगार. म्हणजे एका माणसाचे मरण हा साऱ्या वस्तीचा हिशेब. बुद्धाच्या किसा गोतमीची कथाही मला इथेच आणून सोडते. मेलेले मूल घेऊन आलेल्या त्या आईला त्याने स्वर्गाचे वचन दिले नाही. जिथे कुणीच मेले नाही अशा घरातून मोहऱ्या आण, असे सांगून तिला दारोदार पाठवले. दारोदार तिला आपल्यासारखीच माणसे भेटली.

मरणाचे कोडे धर्माने सोडवले, असे मी म्हणणार नाही. आपल्या माणसाच्या मरणापाशी आपल्याला एकटे न सोडण्याची रीत मात्र त्याने घालून दिली. ही रीत पाळायला धार्मिकच असावे लागते असेही नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली धर्मांनी. मराठीत 'मूठमाती' हा शब्द आहेच. तो एकट्या मुसलमानाचा नाही.

जुलैत मी कब्रस्तानात गेलो. पावसाने गवत वाढले होते. अब्बांच्या कबरीवर तीन मुठी माती टाकली. शरीयतीने त्याची गरज नव्हती. आमच्या सगळ्यांच्या वाट्याचे ऋण त्या चार पोरांनी केव्हाच फेडले होते. त्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत. अब्बांसाठी दुवा मागताना मी त्यांच्यासाठीही मागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)