कुणाला तरी ठाऊक होतं

2013च्या डिसेंबरात कोलोराडोतल्या अरापाहो हायस्कूलमध्ये क्लेअर डेव्हिस ही सतरा वर्षांची मुलगी शाळेतल्याच एका मुलाच्या गोळीने गेली. तिच्या आईवडिलांनी भरपाईवर पाणी सोडलं आणि त्या बदल्यात शाळेकडे कागद आणि जबान्या मागितल्या. कुणाला काय ठाऊक होतं, केव्हापासून ठाऊक होतं, एवढंच त्यांना हवं होतं. हे वाचल्यापासून ती मागणी माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून डेन्व्हरजवळ शाळेतल्या कर्मचाऱ्यांना धोका ओळखायला शिकवणारं एक प्रशिक्षण होतं, तिथे परवानगी काढून मागच्या रांगेत जाऊन बसले.

बाहेर विक्रेत्यांची टेबलं होती. काचेला चिकटवायची फिल्म, दाराचे अडसर, कॅमेरे. गर्दी तिथेच. आत मात्र पुन्हा पुन्हा गरम केलेल्या कॉफीचा कडवट वास आणि निम्म्या रिकाम्या खुर्च्या. शिकवणाऱ्या समुपदेशक बाईंनी हजेरी घेतली, नियम सांगितले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी दिली. एका काल्पनिक मुलाची माहिती त्या चिठ्ठ्यांत वाटून टाकलेली होती. इतिहासाच्या शिक्षिकेकडे वहीतलं चित्र, नर्सकडे वारंवार दुखणारं पोट, ग्रंथपालाकडे एक भांडण. एकेकटी वाचली तर कुठलीच चिठ्ठी घाबरवणारी नव्हती.

बाईंनी फळ्यावर आकडा लिहिला: 81 टक्के. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने 1974 ते 2000 या काळातले शाळांवरचे 37 हल्ले तपासले, तेव्हा 81 टक्के हल्ल्यांत बेताची कुणकुण निदान एकाला तरी आधी लागलेली होती. ते बहुधा मित्र, वर्गमित्र किंवा भावंडं असत.

कोलोराडोत हिंसा रोखण्याच्या कामाचा पाया डेल्बर्ट एलियट या गुन्हेशास्त्रज्ञाने घातला. 1976 साली त्यांनी देशभरातली 1,725 मुलं निवडली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांनाच विचारत राहिले, की तुम्ही काय काय केलंत? पोलिसांच्या दप्तरात न पोचलेलं बरंच काही मुलांनी स्वतःहून सांगितलं. 1992 साली त्यांनी बोल्डरच्या विद्यापीठात हिंसा-प्रतिबंधाचं केंद्र काढलं. मुलांना सुधारण्याचे शेकडो कार्यक्रम तिथे पुराव्याच्या चाळणीतून गेले आणि टिकले ते मोजकेच. 1999च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर राज्यात ‘सेफ टू टेल’ ही निनावी खबर देण्याची सोयही आली.

तरीही अरापाहो घडलं. त्याच केंद्राच्या अभ्यासकांनी 2016 साली त्यावर अहवाल दिला. वादविवाद संघाच्या प्रशिक्षकाला मारण्याची धमकी गोळी झाडणाऱ्या मुलाने सप्टेंबरातच दिली होती. शाळेने चाचपणी केली आणि धोका कमी असल्याचा शेरा मारला. विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून माणसं माहिती एकमेकांपासून राखून ठेवत राहिली. जिवाला धोका असेल तर तो कायदा आड येत नाही, हे बाईंनी त्या दिवशी दोनदा सांगितलं.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या तरी एक राहिली होती. ती होती बसचालकाकडे. पन्नाशीचा, जाड बोटांचा माणूस. त्याने चिठ्ठीची घडी करून मुठीत धरली होती. तिच्यात लिहिलं होतं, मुलगा शेजारच्याला म्हणाला, ‘सोमवारी शाळेत येऊ नकोस.’ चालक ओशाळून म्हणाला, ‘‘मला कोण विचारणार? मी तर नुसती गाडी चालवतो.’’ खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याची खुर्ची मधल्या टेबलाशी ओढून घेतली.

81 टक्के म्हणजे पाचातल्या चार वेळा कुणाला तरी ठाऊक होतं. कोलोराडोच्या विधिमंडळाने 2015 साली क्लेअरच्या नावाचा कायदा केला. वाजवी काळजी न घेणाऱ्या शाळेवर आता दावा लावता येतो. मला त्यात एक भीती वाटते. दाव्याच्या धाकाने शाळा कागद नीट ठेवतील, पण ते स्वतःच्या बचावासाठी. काचेच्या फिल्मची पावती फाइलला लावता येते. बसचालकाचं ऐकून घेतल्याची पावती कुठे मिळते? पैसा खर्चायचाच असेल तर तो आधी त्या समुपदेशक बाईंसारख्यांच्या पगारावर खर्चावा, अडसर नंतर घ्यावेत.