दीपोत्सव आणि कृष्णाकाठची हवा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून गणपती घाटावर जावे, गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविलेल्या मंदिरात ढोल्या गणपतीपुढे माथा टेकवावा आणि बाहेर येऊन पाहावे, तो कृष्णामाईच्या पात्रावर पांढुरका थर पसरलेला असतो. ते धुके असते, की आदल्या रात्रीच्या दारूकामाचा धूर? ज्या घरात दम्याने कष्टी झालेले आजोबा किंवा तान्हे मूल आहे, त्या घराला हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

वाई डोंगरांच्या कुशीत वसली आहे. दिवाळीच्या सुमारास थंडी पडू लागली की रात्री गार, जड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते आणि वरच्या उबदार हवेचे तिच्यावर जणू झाकण पडते. मग चुलीचा, वाहनांचा व फटाक्यांचा धूर वर न जाता तेथेच कोंडून राहतो.

हवेची ही अवस्था ओळखण्याची पहिली खूण म्हणजे पांडवगड. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी त्याकडे पाहावे. पहाटेचे धुके फसवते. म्हणून ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास पाहणे बरे. धुके तोवर विरते, धूर मात्र रेंगाळतो. गड स्पष्ट, पुसट की अदृश्य, एवढा एकच शब्द दिनदर्शिकेत तिथीशेजारी लिहावा.

दुसरी खूण आपल्या गोड्या मसाल्यातच आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळे नसतात. ओलावा व पोषण ते बहुतांशी हवेतूनच घेते. त्यामुळे गंधकाचा धूर त्याला सोसवत नाही. पॅरिसच्या उद्यानातून ही दगडफुले नाहीशी होत असल्याचे निलांडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच नोंदविले होते. गड दिवसाची वार्ता सांगतो. झाडाच्या सालीवरील दगडफूल वर्षांची.

तिसरी खूण आकड्यांची. २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक प्रचारात आला. धूलिकण, ओझोन, अमोनिया इत्यादी आठ प्रदूषकांची मोजणी करून तो एक आकडा व एक रंग देतो. ५० पर्यंत गडद हिरवा, म्हणजे हवा चांगली. ३०० च्या पुढे लाल, म्हणजे अत्यंत वाईट. ४०० च्या पुढे गंभीर. येथे सरासरी काढीत नाहीत. जे प्रदूषक सर्वांत घातक पातळीवर असेल, त्याचाच आकडा दिवसाचा आकडा ठरतो. पंचांगातील अशुभ योग वडीलधारी मंडळी जशी दुर्लक्षीत नाहीत, तसेच हे.

मात्र एका दिवसाच्या नोंदीवरून कल कळत नाही. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत नोंद ठेवावी आणि पुढील वर्षी त्याच तिथींशी ताडून पाहावी. याच कृष्णेच्या काठच्या सांगलीला २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात घ्यावे लागले, ही जाणीव वरच्या अंगाला राहणाऱ्यांनीही ठेवावी.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या वाईत बसून विश्वकोशाद्वारे विविध विद्या मराठीत आणल्या, त्या गावाला ही नोंद घाटावरच्या फळ्यावर रोज खडूने लिहिणे अवघड नाही. ती वाचून एखादे घर आजोबांना उन्हे आल्यावर दर्शनाला नेईल, एखादा मुलगा फटाक्यांऐवजी पणत्या लावील. दिव्याची ज्योतही निर्मळ हवेतच शोभते.