गोधडीवरील शाईची खूण

कापडावर पडलेला डाग आणि कापडावर केलेली खूण यांत एक मोठा भेद आहे. डाग अपघातानें पडतो. खूण राहावी म्हणूनच केलेली असते. मग ती नकोशी झाल्यावर हट्टाला पेटली तर त्यांत नवल कसलें? गोधडीवर पेनानें काढलेली खूण कशी घालवावी, या अगदीं घरगुती प्रश्नाविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु गोधडी ही पुन्हां विकत आणतां येणारी वस्तु नव्हे. तिच्या थरांत आजीचें लुगडें असतें, वडिलांचें धोतर असतें. तें कापड वापरून विरलेलें असतें, म्हणून नव्या चादरीला सोसेल तो दांडगेपणा तिला सोसत नाहीं. गेल्या वर्षीं दौंडच्या एका घरीं मीं अशी एक गोधडी पाहिली. सासूबाईंच्या मागें राहिलेलीं लुगडीं जोडून सुनेनें ती बाळासाठीं शिवावयास घेतली होती. वेलबुट्टीच्या रेषा निळ्या पेनानें आंखल्या, टांके घातले आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून वरून गरम इस्त्री फिरविली. निळी रेष तपकिरी झाली. मग सोडा घातलेल्या कढत पाण्यांत गोधडी बुडविली, तेव्हां रेष अधिकच पक्की झाली. इतर डागांवर जे उपाय गुणकारी, तेच येथें घातक कां ठरले, हें कळलें कीं निम्मे काम झालें.

पूर्वीं गोधडी शिवणाऱ्या बायकांना आंखणीची गरज नसे. कडेपासून आंत आंत जाणारा धांवदोरा त्या नुसत्या नजरेनें घालीत, आणि तो फूटपट्टीला लाजवील इतका सरळ येई. कांहीं जणी शिंप्याचा खडू वापरीत. तो झटकला कीं जाई. आतां खुणेचीं पेनें निघालीं आहेत. त्यांतील निळ्या शाईचें पेन बहुधा पाण्यानें जाणारें असतें. जांभळ्या शाईची रेष हवेनेंच एकदोन दिवसांत विरून जाते. तिसरें पेन उष्णतेनें पुसलें जाणारें. जी इस्त्री या तिसऱ्याची रेष पुसते, तीच पहिल्याची रेष कायमची करते. यासाठीं पेनाचें वेष्टन फेंकूं नये, हें मी प्रथम सांगेन.

तिसऱ्या पेनाची एक गंमत आहे. सुमारें ६० अंश सेल्सिअस उष्णतेला त्याचा रंग नाहींसा होतो, पण तो जात नाहीं, नुसता दडतो. उणे १० ते उणे २० अंशांच्या थंडींत तो पुन्हां प्रकट होतो. शिरूरला हिंवाळा कितीही कडक पडला तरी ती भीति नाहीं. मात्र हिमप्रदेशांत राहणाऱ्या मुलाकडे गोधडी पाठवावयाची असेल तर हें पेन तिला लावूं नये. जांभळ्या शाईविषयीं एवढेंच कीं, तिच्या कांहीं जातींचा रंग आम्ल व अल्क यांच्या पालटावर अवलंबून असतो. हवेंतील कार्बन डायऑक्साइडनें तो मावळतो आणि साबणाच्या अल्कानें पुन्हां उगवूं शकतो. तसें झालें तर लिंबाचे चार थेंब घातलेलें पाणी लावून पाहावें व मग साध्या पाण्यानें धुवावें.

खरा त्रास देते ती निळी, पाण्यानें जाणारी म्हणून विकली जाणारी शाई. तिला हवें असतें थंड, साधें आणि भरपूर पाणी. आपण काय करतों? ओला बोळा रेषेवर फिरवितों. रेष डोळ्यांदेखत नाहींशी होते, आपण समाधानानें गोधडी वाळत घालतों, आणि दुसऱ्या दिवशीं तीच रेष जरा फांकून पुन्हां हजर! कित्येकांना हें भुताटकीसारखें वाटतें. कारण अगदीं साधें आहे. समईची वात जसें तेल वर ओढते, तसें सुती धागे पाणी ओढतात. बोळ्याच्या पाण्यानें शाई विरघळली खरी, पण ती बाहेर न जातां खालच्या थरांत उतरली. गोधडी वाळूं लागली तेव्हां वरचा थर आधीं कोरडा झाला, त्यानें आंतलें पाणी वर खेंचलें. पाणी उडून गेलें आणि शाई पृष्ठभागावर राहिली. चादरीला एकच थर असल्यामुळें हा खेळ तिच्यावर फारसा चालत नाहीं. गोधडीला चार, सहा, कधीं त्याहून अधिक थर असतात.

तेव्हां गोधडी बोळ्यानें पुसूं नये, ती पुरती बुडवावी. मात्र त्याआधीं जुन्या लुगड्याचा रंग सुटतो कीं काय तें पाहावें. पांढरी चिंधी भिजवून लाल, हिरव्या कांठांवर थोडा वेळ दाबून धरली म्हणजे कळतें. रंग पक्का असेल तर मोठ्या टबांत थंड पाण्यांत, साबण अजिबात न घालतां, गोधडी चारपांच तास ठेवावी व पाणी दोनतीनदां बदलावें. आपल्याकडे नवरात्रापूर्वीं गोधड्या नदीवर नेऊन धुण्याचा प्रघात होता. दौंडकर भीमेवर जात, शिरूरकर घोडनदीवर. वाहतें पाणी सुटलेला रंग दूर घेऊन जाई, हा त्यांतला मोठा लाभ. आतां नदीला तसें निर्मळ पाणी क्वचितच असतें, म्हणून टब बदलण्याचा कंटाळा करूं नये. बाहेर काढतांना दोघांनीं खालून हात घालून उचलावी. भिजलेली गोधडी फार जड होते, पिळली तर टांके तुटतात. वाळविण्याची युक्ति याहून महत्त्वाची. खुणेची बाजू खालीं करून ती दोन कोरड्या पांढऱ्या पंचांवर पसरावी आणि पंचे ओले झाले कीं बदलावे, म्हणजे आंतलें पाणी उरलासुरला रंग घेऊन पंचांत उतरतें. रेष पूर्ण गेल्याची खात्री होईतों ऊन नको, इस्त्री नको, सोडाही नको.

इस्त्री फिरून गेली असेल तर? त्या शाईचें रूपांतर झालेलें असतें; तरीही आधीं हेंच लांबलचक भिजविणें करावें. मग पांढऱ्या सुती भागापुरतें, औषधाच्या दुकानांत मिळणारें तीन टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड कापसानें लावून अर्ध्या तासानें धुवावें. रंगीत लुगड्यावर तें लावणें मला पसंत नाहीं. खुणेबरोबर लुगड्याचा रंगही जाण्याचा धोका असतो. दौंडच्या त्या गोधडीवर पांढऱ्या धोतराच्या तुकड्यांवरील रेष तिसऱ्या खेपेस चहाच्या फिक्या डागाएवढी उरली. लाल लुगड्यावरील रेषेला आम्हीं हात लावला नाहीं. सुनेनें तिच्यावरूनच जाड दोऱ्याची दुसरी ओळ घातली, आणि ती आतां नक्षीचाच भाग दिसते.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. एका उपायानें भागलें नाहीं कीं माणसें दोन एकत्र करतात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचें पाणी यांत लिंबू, व्हिनेगर अथवा संडास धुण्याचें आम्ल कधींही मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेतूं शकतो.

वसतिगृहांत जाणाऱ्या मुलांच्या पांघरुणावर नांव घालण्यासाठीं जाड टोंकाचें पक्क्या शाईचें पेन वापरतात. दौंडसारख्या रेल्वेच्या व राखीव पोलिसांच्या गांवांत तर बिछान्यावर क्रमांक घालणें ही नित्याची गोष्ट. या शाईंत रंगाबरोबर राळेसारखा चिकट पदार्थ असतो. पाणी त्याला शिवत नाहीं, स्पिरिट मात्र विरघळवितें. अडचण अशी कीं स्पिरिट रंग घेऊन खालच्या थरांत पसरतें. येथें गोधडीचा धांवदोरा उपयोगी पडतो. खुणेजवळचे आठदहा टांके हलक्या हातानें उसवावे, वरच्या थराखालीं टीपकागदाची घडी सरकवावी आणि कापसानें स्पिरिट टिपत जावें. कागद रंगला कीं बदलावा. घासूं मात्र नये; चूल, शेगडी, उदबत्ती दूर ठेवावी.

राहिल्या दोन जुन्या खुणा. पहिली चांदीच्या क्षाराची, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटची. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला जी शाई लावतात तिच्यांतही हाच क्षार असतो, आणि ती बोटावरून पांघरुणाला लागल्याचीं उदाहरणें आहेत. प्रकाशानें चांदी धाग्यांतच काळी होते. ब्लीचनें ती गेल्यासारखी दिसते, पण पांढरा सिल्व्हर क्लोराइड मागें राहिला तर उजेडानें पुन्हां काळवंडते. तिच्यावर टिंक्चर आयोडीन लावून मग छायाचित्रकारांच्या हायपोच्या पाण्यानें धुणें हा उपाय आहे. खळ दिलेलें कापड आयोडीननें गर्द निळें होतें. घाबरूं नये, हायपो तेंही नाहींसें करतो.

दुसरी खूण परटाच्या बिब्ब्याची. बिब्ब्याचा रस व चुना यांची ती काळी खूण हवेनें धाग्यांतच घट्ट होते. तिच्यावर घरगुती उपाय मला ठाऊक नाहीं, आणि करूंही नये. बिब्बा अंगाला उततो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांना कपड्यांवरील या परटाच्या खुणेमुळेंच खाज व फोड येत. गोधडी लहान मुलाच्या अंगावर पडणार असेल तर ती जागा ठिगळानें झांकावी. मात्र ठिगळाला नवें कोरें कापड घेऊं नये. पहिल्या धुण्यांत तें आटतें आणि भोंवतालचें जुनें कापड फाडतें. जुनेंच सुती कापड घ्यावें, आणि नवेंच घ्यावें लागलें तर दोनदां धुऊन, वाळवून मग लावावें.