बुटीबोरीची गर्दी आणि राज्याची सरासरी

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख आणि घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ भरली. दशकातील वाढ आधी २२.७ टक्के होती, ती १६ टक्क्यांवर आली. मग नागपूरजवळच्या बुटीबोरीसारख्या ठिकाणी गर्दी का वाढते? कारण माणसे सारखी पसरत नाहीत, ती रोजगाराकडे सरकतात. २००१ ते २०११ याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या घटली. विदर्भातच गडचिरोलीची घनता ७४, तर नागपूर जिल्ह्याची ४७० होती. नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीत एमआयडीसीची मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तशी तिथे परप्रांतीय कामगारांची वस्तीही वाढली. म्हणून राज्याच्या सरासरीवरून गावाची गरज ठरवता येत नाही.

यावर आक्षेप असा, की स्थलांतराने मराठी मागे पडेल. ही चिंता क्षुल्लक नाही, पण २०११मध्येही राज्यातील सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठीच होती. शिवाय जनगणनेत मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात. भोजपुरी बोलणारा कामगार मातृभाषेच्या तक्त्यात हिंदीखाली मोजला जातो, त्याने शिकलेली मराठी तिथे दिसत नाही. मराठी टिकेल ती माणसे अडवून नव्हे, आलेल्यांच्या मुलांना चांगली मराठी शाळा देऊन. वसाहतीचे नियोजन करताना पाणी, घरे आणि रस्त्यांइतकाच या शाळांचाही हिशेब व्हायला हवा.