बोटांचे ठसे आणि कायद्याची मर्यादा

आश्रयासाठीं दारीं आलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले, तर ते कोणत्या कामीं वापरावे?

युरोपीय संघानें २००३ सालीं 'युरोडॅक' नांवाचें ठशांचें दफ्तर सुरू केलें. आश्रयाच्या अर्जाचा विचार कोणत्या राष्ट्रानें करावयाचा, हें ठरविणें एवढाच त्याचा हेतु होता. वयाचीं १४ वर्षें पूर्ण झालेल्या अर्जदाराचे ठसे १० वर्षें ठेवण्याची तरतूद होती. पुढें २०१३ च्या कायद्यानें तें दफ्तर पोलिसांसही खुलें केलें. मात्र गुन्हा गंभीर असावा आणि त्यांनीं स्वतःचीं दफ्तरें आधीं धुंडाळावीं, अशा अटी घातल्या. २०२४ च्या कायद्यानें ठशांबरोबर चेहऱ्याची प्रतिमा आणली व वयाची मर्यादा ६ वर्षांवर उतरविली.

गुन्हेगारास पकडूं नये, असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु आश्रय मागणें हा गुन्हा नव्हे. कुलूप बदलतां येतें; बोट बदलतां येत नाहीं. म्हणून हेतु कोणता, मुदत किती आणि चूक झाल्यास दाद कोठें मागावी, हें ठसा घेण्यापूर्वींच कायद्यानें सांगितलें पाहिजे. सहा वर्षांच्या मुलास हे प्रश्न विचारतां येत नाहींत. ते त्याच्यासाठीं मोठ्यांनीं विचारावयाचे असतात.