सरासरीच्या आड राहिलेली मुले

चाचणी आटोपते, पेपर तपासून होतात, गुणतक्ता भरला जातो आणि तळाशी एक आकडा येतो : वर्गाची सरासरी. मागच्या वेळी 11 होती, या वेळी 12. म्हणजे वर्ग पुढे गेला. मुख्याध्यापकांची सही होते, तक्ता फाइलमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा सुरू होतो. यात कुणाचा आळस नसतो, हेतूही वाईट नसतो. पण कोणत्या मुलाला नेमकी कशाची मदत हवी, हे सांगणारी माहिती त्याच तक्त्यात असते आणि ती एका आकड्यात विरघळून जाते.

समजा, सहावीच्या दोन तुकड्यांत प्रत्येकी दहा मुले आहेत. अपूर्णांकांवर 20 गुणांची चाचणी झाली. ‘अ’ तुकडीचे गुण असे : 10, 11, 11, 12, 12, 12, 12, 13, 13, 14. ‘ब’ तुकडीचे : 4, 4, 5, 6, 7, 18, 18, 19, 19, 20. दोन्हींची बेरीज 120 आणि सरासरी 12. तक्त्यावरून दोन्ही तुकड्या सारख्याच. प्रत्यक्षात ‘ब’मध्ये 12 गुणांच्या जवळपास एकही मूल नाही. निम्म्या मुलांना अपूर्णांक उत्तम येतात आणि निम्म्यांना जवळजवळ काहीच कळलेले नाही. बारा गुणांचे मूल डोळ्यांसमोर ठेवून शिकवले, तर वरची पाच मुले कंटाळतील आणि खालच्या पाचांच्या डोक्यावरून सारे जाईल.

हा फरक दाखवणारी मापे संख्याशास्त्रात आहेत आणि त्यासाठी फार गणित लागत नाही. सर्वांत सोपे माप म्हणजे सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुणांतले अंतर. ‘अ’मध्ये ते 4 आहे, ‘ब’मध्ये 16. त्याहून नेमके माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक मुलाचे गुण सरासरीपासून किती दूर आहेत ते काढायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. संगणकावर हे एका सूत्रात निघते. ‘अ’चे प्रमाण विचलन सुमारे 1.1 येते आणि ‘ब’चे सुमारे 6.9. पहिला आकडा सांगतो की सगळी मुले एकमेकांच्या आसपास आहेत. दुसरा सांगतो की एका वर्गात दोन वर्ग बसले आहेत.

सूत्राचा कंटाळा असेल तर वहीत आडवी रेघ ओढून तिच्यावर 0 ते 20 आकडे मांडावेत आणि प्रत्येक मुलामागे एक ठिपका द्यावा. ‘ब’ तुकडीतले ठिपक्यांचे दोन पुंजके आणि त्यांच्या मधली मोकळी जागा पाच मिनिटांत दिसते.

गैरहजेरीचे शून्य

सरासरीला आणखी एक खोड आहे. एखाद्या टोकाच्या आकड्याने ती लगेच खाली-वर होते. ‘अ’ तुकडीतले 12 गुण मिळवणारे एक मूल चाचणीच्या दिवशी आजारी होते आणि तक्त्यात त्याच्यापुढे शून्य लिहिले गेले, असे समजा. सरासरी लगेच 10.8 वर येते. कुणाचे काही बिघडलेले नसताना तुकडी मागे पडल्याचे दिसते. गैरहजर मुलाची जागा रिकामी ठेवून नऊ मुलांची सरासरी काढली, तर ती 12 च राहते.

अशा वेळी मध्यक उपयोगी पडतो. गुण चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारी संख्या म्हणजे मध्यक. ते चुकीचे शून्य धरूनही या तुकडीचा मध्यक 12 च येतो. म्हणून सरासरी आणि मध्यक यांत बरेच अंतर दिसले, तर एक-दोन टोकाचे आकडे आहेत का, ते आधी पाहावे. मात्र एकटा मध्यकही पुरत नाही. ‘ब’ तुकडीचा मध्यक 12.5 येतो आणि तोही तिथल्या एकाही मुलाबद्दल काही सांगत नाही.

छोट्या शाळांत हा धोका अधिक. वर्गात आठच मुले असतील आणि त्यांतल्या एकाचे गुण 4 वरून 20 वर गेले, तर सगळ्या वर्गाची सरासरी 2 गुणांनी वाढते. कमी पटाच्या शाळांची क्रमवारी लावताना हे विसरले, तर एका मुलाच्या बऱ्या-वाईट दिवसाचे श्रेय किंवा खापर शिक्षकांच्या माथी येते.

चुकीचे उत्तरही बोलते

मध्य आणि मध्यकाबरोबर पाठ्यपुस्तकात बहुलकही शिकवतात. सर्वाधिक वेळा आलेली संख्या म्हणजे बहुलक. गुणांच्या तक्त्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही, पण चुकीच्या उत्तरांत होतो. 1/2 अधिक 1/3 या उदाहरणात दहापैकी सात मुले चुकली आणि त्यांतल्या पाच जणांचे उत्तर 2/5 आले, तर ती निष्काळजी नाहीत. ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत आहेत. त्यांची समजूतच चुकलेली आहे आणि तीच उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवायला लावून ती सुटणार नाही. सात जणांची सात वेगवेगळी उत्तरे आली असती, तर शिक्षकाने वेगळे कारण शोधले असते.

गुणांच्या चढउताराचाही असाच अर्थ लावावा लागतो. एका चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या मुलांपैकी बरीच पुढच्या चाचणीत थोडी वर येतात आणि अव्वल आलेली थोडी खाली. गुणांत समजेबरोबर त्या दिवसाची तब्येत, झोप, नशीबही मिसळलेले असते आणि ते दर वेळी सारखे नसते. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती दाखवली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांत तिचा वेगळाच परिणाम दिसला. कौतुक केले की वैमानिक पुढच्या वेळी बिघडतो आणि खडसावले की सुधारतो, अशी प्रशिक्षकांची खात्री होती. प्रत्यक्षात दोन्ही बदल बहुतांशी आपोआप होणारे होते. ‘ओरडलो म्हणून सुधारला’ असे वर्गात वाटते, तेव्हा हे आठवणे मुलांच्या हिताचे आहे.

मुले विखुरलेली आहेत, हे कळल्यावर करायचे काय? मुंबईतल्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने याचे एक उत्तर दिले. तिच्या ‘असर’ पाहणीत वाचनाची सरासरी काढत बसत नाहीत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीवर किती मुले आहेत, ते मोजतात. संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातला काही वेळ वेगळे बसवून वस्तीतलीच एक तरुणी शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाचा अभ्यास केला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी शाळांतले सरासरी गुण 0.28 प्रमाण विचलनाने वाढलेले आढळले. ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांमुळे झाली होती.

त्यासाठी सरकारी पाहणीची वाट पाहावी लागत नाही. चाचणी झाल्यावर तक्त्यात सरासरीशेजारी मध्यक आणि प्रमाण विचलन लिहावे, ठिपक्यांची रेघ काढावी आणि सर्वाधिक वेळा आलेले चुकीचे उत्तर टिपून ठेवावे. एका तासात होणारे हे काम आहे. ‘ब’ तुकडीच्या बाईंनी ते केले, तर रेघेच्या डाव्या टोकाला पाच ठिपके दिसतील. त्या पाच मुलांची नावे त्यांना पाठ असतातच. उद्या त्यांना छेद म्हणजे काय, इथपासून शिकवायचे आहे, हे आता तक्ताही सांगेल.